चंद्राक्काचं कापलेलं बोलणं

आमच्या चॅनेलवर सगळ्यात जास्त चालायची ती माझी सासू. मी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. दोन वर्षं मी नट्टापट्टा करून सुनेचं काम केलं, रडले, भांडले, शेणात घसरून पडले, आणि खाली लोक लिहायचे, "चंद्राक्का एकच नंबर." माझ्याबद्दल एकदाच कुणीतरी लिहिलं होतं, तेही ब्लाउज कुठं शिवला म्हणून.

चॅनेलचं नाव 'चंद्राक्काचा दणका'. चंद्राक्का म्हणजे चंद्रभागाबाई, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. लिहिणं, मोबाइलवर शूटिंग करणं, लॅपटॉपवर जोडणं आणि सगळ्यांवर ओरडणं ही कामं माझा नवरा अभिमन्यू एकटाच करतो. तेलगावच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या कडेला आमचं घर, पुढं अंगण आणि मागं परस. आमचा सगळा सिनेमा एवढ्याच जागेत उरकायचा. लांबचा सीन म्हणजे शेजारच्या सुभद्राबाईंचा ओटा.

अभिमन्यूनं संभाजीनगरला दोन दिवसांचं सिनेमाचं शिबिर केलं होतं. तिथल्या दाढीवाल्या सरांनी त्याला सांगितलं, की प्रत्येक सिनेमात दोन गोष्टी असतात. एक वरची, सगळ्यांना दिसते ती; आणि एक खालची, जिच्यासाठी सिनेमा केलेला असतो ती. वरच्या गोष्टीत कुणी चोर पकडत असेल, पण खाली ती बापलेकांची गोष्ट असते. हे ज्ञान घरी आलं आणि माझ्या नाकात दम आला. टीव्हीवर काहीही लागलं की ह्याचं सुरू, "मंजुषा, ह्यो दरोडा दरोडा न्हाई बरं का. खाली येगळंच हाय." मी एकदा विचारलं, "अहो, मग आपल्या बकरीच्या भागात खाली काय हाय?" तर म्हणाला, "आपल्यात खाली काय न्हाई. आपली कॉमेडी हाय."

आता घरातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात एका नावाला बंदी होती. सायली. माझी नणंद, अभिमन्यूची धाकटी बहीण. माझ्या लग्नाच्या आधीच तिनं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं पुण्याकडं निघून गेली. माझे सासरे शहादेव, त्यांना मी मामा म्हणते, तेव्हा पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत होते. ते राहिलं. गावात चार माणसांत बसणंही राहिलं काही दिवस. मामा वाईट माणूस नाही. बैलाच्या खांद्याला सूज आली तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण लेकीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही, आणि त्यांना माफही करणार नाही.

त्यांनी आत्याला नारायणगडाच्या देवस्थानाकडं तोंड करून अंगणात उभं केलं, तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि तिच्याकडून वदवून घेतलं. सायलीशी बोलायचं नाही. फोन करायचा नाही. तिच्या दारात जायचं नाही. नाव काढायचं नाही. "मोडलीस तर माजं मेल्यालं तोंड बघशील," असं म्हणाले. अभिमन्यूलाही तीच शपथ घातली. हे मला घरात कुणी सांगितलं नाही, सुभद्राबाईंनी सांगितलं, भांडी घासता घासता. नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडं बाई मोडत नाही. लोकांना खोटं वाटतं, पण माझी आईसुद्धा मोडणार नाही, आणि ती बारावी पास आहे.

चॅनेल सुरू झालं तेव्हा सासूच्या कामासाठी माजलगावची एक बाई ठरली होती. ती आयत्या वेळी आली नाही. अभिमन्यू आत्याच्या मागं लागला. आत्या म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं. चारचौघांत तोंड वर करून बोलायचं म्हंजी काय!" मग जरा थांबून विचारलं, "ह्ये दिसतंय कुठं कुठं?"

"समदीकडं, आई. जगात."

"पुण्याकडं बी?"

"पुण्यातच लई बघत्यात."

आत्या उठल्या, तोंड धुतलं, केस विंचरले, नवी साडी नेसल्या आणि येऊन उभ्या राहिल्या. भागात त्यांना चुलीपुढं मळक्या लुगड्यात बसायचं होतं. त्यावरून मायलेकांचं वाजलं. शेवटी आत्या नव्या साडीतच बसल्या, आणि दोन वर्षं प्रत्येक भागात, शेण काढताना सुद्धा, चंद्राक्का धुतल्या साडीत दिसली. लोकांना तोच मोठा विनोद वाटायचा.

काम त्या फार छान करायच्या. पप्पू नावाचा आमच्या गल्लीतला मुलगा दूधवाल्याचं काम करायचा, त्याला त्या खऱ्याच शिव्या घालायच्या. फक्त एक खोड होती. सीन चांगला रंगात आला की मधेच त्यांचं काहीतरी वेगळंच सुरू व्हायचं. म्हणजे बकरी हरवलीय, चंद्राक्का सुनेवर संशय घेतेय, आणि एकदम मोबाइलकडं बघून म्हणायच्या, "कपिलीला कालवड झाली." अभिमन्यू कपाळावर हात मारायचा. "आई, ह्ये कुठून आलं? कागदात हाय का ह्ये? कट!" आत्या गप्प व्हायच्या आणि पुढचं बरोबर बोलायच्या. पुन्हा पुन्हा तोच सीन करायला मात्र त्यांना आवडायचं नाही. "एकदा बोलले की. बघनाराला कशाला तरास देतोस रं?" असं पोरालाच म्हणायच्या, आणि सगळे हसायचे.

आपलं काम त्यांनी कधी बघितलं नाही. मोतीबिंदू होता, मोबाइलवर त्यांना नुसता उजेड दिसायचा. ऑपरेशन झालं तरी म्हणायच्या, "आपलंच तोंड आपुन काय बघायचं? ज्येनं बघायचं त्येनं बघितलं म्हंजी झालं."

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, मागच्या दारावरून. जेवणं झाली की मामा पुढच्या खोलीत झोपतात ते चहाच्या वेळेपर्यंत. तेवढा वेळ आत्या परसातल्या दाराशी बसून राहायच्या, आणि कडी काढलेली. दार सताड उघडं. कुत्रं येऊन भाकरी न्यायचं, मांजर दुधात तोंड घालायचं. मी म्हणायची, "आत्या, दार तरी लोटून घ्या." त्या म्हणायच्या, "असू दी. वारं येतंय." वैशाखात कसलं वारं येतंय! आग यायची नुसती. पदर डोक्यावरून घेऊन त्या उंबऱ्याशी बसायच्या आणि गाडीवाटेकडं बघायच्या. मला वाटायचं वय झालं.

मग विजयसिंह दादांचा वाढदिवस आला. दादा आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या वाढदिवसाला गावोगाव त्यांचे बॅनर लागतात, आणि त्यावर आमच्यासारख्यांचे चेहरे दादांच्या पायाशी चिकटवलेले असतात. या वेळी दादांच्या मनात आलं, की आपल्या गावची कलाकार मंडळी म्हणून आमचा सत्कार करायचा आणि मारुतीच्या पटांगणात मोठ्या पडद्यावर आमचा नवा भाग दाखवायचा. दिवस मावळायला पडदा लागला. पुरुष पुढं खुर्च्यांवर, बाया कडेला सतरंजीवर. मामा दादांच्या शेजारी, नवा फेटा बांधून. लेक गेल्यापासून इतक्या माणसांत ते पहिल्यांदाच असे मोकळे बसले होते.

आत्या माझ्याजवळ होत्या. डोळे आता स्वच्छ, आणि पडदा घराएवढा. पहिल्यांदा स्वतःला बघून त्या लाजल्या, पदर तोंडात धरून हसल्या. बकरी हरवली तसं गाव हसायला लागलं. मग मी बघितलं, आत्या पुढं सरकल्या, गुडघ्यावर उभ्या राहिल्यासारख्या झाल्या. पडद्यावर पप्पू म्हणाला, "काकू, बकरी मागल्या दारानं गेली जनू." त्यापुढं लगेच मी पाण्याच्या हौदात पडते. मी पडले. पटांगण खदाखदा हसलं.

आत्या माझ्याकडं वळल्या. "मदलं?"

"काय मधलं, आत्या?"

"माजं बोलनं. ह्यो बोलला त्याच्यावर मी बोलले व्हते की. पुढं हाय का?"

पुढं नव्हतं. भाग संपला, नावं आली. आत्या ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अभिमन्यू! मागं घे ते. मदलं ऱ्हायलं!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना वाटलं हाही भागातलाच दणका. दादा माइकवर म्हणाले, "बघा, काकूंचा टायमिंग बघा!" मामासुद्धा फेटा सावरत हसले. आत्या खाली बसल्या आणि सत्काराला स्टेजवर गेल्या नाहीत. शाल मीच घेतली.

घरी येताना त्या माझा दंड धरून चालत होत्या. सुभद्राबाईंच्या घरापाशी थांबल्या आणि अगदी हळू विचारलं, "बोलल्यालं कापता येतं व्हय?"

"येतं, आत्या. नको असलेलं काढून टाकतात."

"मी बोलते तवाच तिकडं दिसत न्हाई?"

मला आधी कळलंच नाही त्या काय विचारतायत. मग हळूहळू कळलं. सुभद्राबाईंचा नातू मिलिटरीत आहे. तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा सुभद्राबाई मोबाइल तोंडापुढं धरून बोलतात आणि तो तिकडं ऐकतो. आत्यांनी ते कितीदा शेजारी बसून बघितलेलं. अभिमन्यूही तसाच मोबाइल तोंडापुढं धरायचा. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की हे वेगळं आणि ते वेगळं. त्या आपल्या समजत होत्या, की इकडं आपण बोललो की तिकडं पुण्यात ऐकू जातं.

"समदंच कापलं का गं?" त्या म्हणाल्या. "पैल्यापासून?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला पाहिजे होतं असं नंतर वाटलं, पण तोंडातून निघून गेलं.

"मंग तिनं काय बघितलं?"

काय बघितलं असेल? आईला नाचताना बघितलं. दूधवाल्याला चपलेनं हाणताना, खोटी फिट आल्यावर कांदा हुंगताना, हसून हसून लोळताना. घरातून लेक गेलीय आणि आई जगाला हसवतेय, एवढंच बघितलं असणार. हे मी बोलले नाही, पण आत्यांना कळायला मी कशाला बोलायला पाहिजे. त्या रस्त्यातच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपले आणि आत्यांनी मागच्या दाराची कडी लावली. मग माजघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या. दोन वर्षं ज्या कडीसाठी मी भांडले ती लागली, आणि मला जेवण गेलं नाही. सलग तीन-चार दिवस तसंच. अभिमन्यू म्हणाला, "आई, उद्या शूटिंग हाय." त्या म्हणाल्या, "दुसरी बघ."

मामा शेतात गेल्यावर मी अभिमन्यूला धरलं. इतकं बोलले, इतकं बोलले, की तोही माझ्यावर ओरडला. "मला काय म्हाईत? तिनं कधी नाव घेतलं का? नाव घेतलं असतं तर मला कळलं नसतं का?"

"नाव कसं घेतील? तुमच्या वडलांनी नावाचीच शपथ घातलीय ना!"

त्यानं लॅपटॉप उघडला. कापलेले तुकडे त्यानं टाकून दिले नव्हते. कधीतरी गमतीचा भाग करू म्हणून एका फोल्डरमधे साठवले होते. फोल्डरचं नाव होतं, 'आईच्या चुका'.

आम्ही ते एकापाठोपाठ एक लावून बघितले. पहिल्याच तुकड्यात आत्यांनी दोन्ही हात पुढं करून बांगड्या दाखवल्या, मग तोंड इकडून तिकडून वळवून दाखवलं आणि म्हणाल्या, "मी बरी हाय." त्याच्यावर अभिमन्यूचा आवाज, कट. मग कपिली आणि तिची तांबडी कालवड. मग, "वाऱ्यानं चिंच मोडली, पर झोक्याची फांदी ऱ्हायली." एका तुकड्यात, "डोळ्याचं आपरेशन झालं. आता फाट्यावर एस्टी थांबली तर कोन उतरलं त्ये हितनं दिसतंय." कट. एका भागात मला चपलेनं मारायचं होतं. चप्पल हातात तशीच, आणि मोबाइलकडं वळून म्हणतात, "सून चांगली हाय. तोंडाळ हाय, पर माया करती. तुजं आन् तिचं जमलं असतं." शूटिंगला मी तिथं समोरच पडलेली होते, डोळे मिटून, मेल्याचं सोंग घेऊन. तेव्हा मला हसू आलं होतं. आता मी तिथंच रडायला लागले.

आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तेच. "दुपारच्याला मी मागलं दार लावीत न्हाई. धनी झोपल्याले असत्यात. कुनी आलं तर येऊ द्यावं." पुन्हा पुढच्या भागात, जरा वेगळ्या शब्दांत, "मी तर बोलत न्हाई कुनाशी, शपत हाय. पर आल्यालं मानूस बसंल, जेवंल, मी नुसती बघीन. बघायची शपत न्हाई घातलेली." कट.

त्यात कुठं बकरी नव्हती की दूधवाला नव्हता. दोन वर्षं आमच्या अंगणात एक बाई नाव न घेता आपल्या लेकीला बोलवत होती. सिनेमा तिचा होता. आम्ही वरवरचं ठेवलं आणि तो कापला.

अभिमन्यू म्हणाला, "सर सांगत व्हते, खालची गोष्ट बघा म्हनून. मी दुनियेच्या सिनेमात बघत बसलो." आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. मला त्याची कीव आली नाही, खरं सांगते. नंतर आली, त्या वेळी नाही.

सायलीचा नंबर त्याच्याकडं होता. 'पाइप दुकान' अशा नावानं ठेवलेला, आणि इतक्या वर्षांत एकदाही लावलेला नाही. मला कुणी शपथ घातली नव्हती. मी सगळे तुकडे जोडायला लावले, एक शब्द काढू दिला नाही, त्याचं कट कट ओरडणंही ठेवायला लावलं, आणि माझ्या मोबाइलवरून पाठवले. खाली लिहिलं, 'मी तुमची वहिनी. हे आत्या तुमच्याशी बोलल्यात. दोन वर्षं बोलतायत. आम्ही कापत होतो.'

मग आत्यांना जाऊन सांगितलं. "आत्या, गेलं. या वेळी खरंच गेलं." त्या उठल्या आणि परसात जाऊन कडी काढली.

उत्तर काही येईना. मेसेज वाचल्याची निळी खूण दिसत होती, त्यापुढं काही नाही. आत्या रोज दाराशी. मला वाटलं चुकलंच आपलं, मेलेल्या आशेला उगीच उठवून बसवलं. आणि मग एका दुपारी मोबाइल वाजला, 'सायलीताई' असं नाव आलं. मामा पुढं घोरत होते. मी आत्यांजवळ परसात जाऊन बसले आणि स्पीकर लावला, अगदी बारीक.

"वहिनी?" आवाज थेट आत्यांचा. नुसता तरुण. "आई हाय का तिथं?"

"हायत. ऐकतायत. बोलता येत नाही त्यांना, तुम्हाला माहीतच आहे."

"म्हाईत हाय." आत्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि मोबाइलकडं अशा बघत होत्या, जणू त्यातून कुणी बाहेरच येणार आहे.

"मी पैले तीन भाग बघितलते," सायली म्हणाली. "तिसऱ्यात आई फुगडी खेळती बघा. त्येच्यानंतर न्हाई बघितलं. माज्याच्यानं बघवना. म्हनलं, हिला काय फरक पडला न्हाई. मी इकडं बाळंत झाले तवा सासूबी नव्हती माज्याजवळ, एकलीच व्हते. लेकरू वर्साचं झालं तरी एकलीच, आन् माजी आई फुगडी खेळायलीय."

आत्यांनी माझा हात धरला. बाळंत हा शब्द त्यांनी ऐकला होता.

"मुलगी आहे?" मी विचारलं.

"हाय. आता बालवाडीत जाईल. वहिनी, ती विचारायची, समद्यांना आजी हाय, माझी कुठंय? मला राग व्हता. मी सांगितलं, वारली. आईचा फोटो व्हता माज्याकडं, तो देवाजवळ ठेवलाय. रोज सकाळी नमस्कार करती ती फोटोला." सायलीचा आवाज फुटला. "परवा मी ह्यो व्हिडिओ बघत बसले तर मागून आली. म्हनली, मम्मी, देवाघरची आजी मोबाइलमदी बोलतीय. त्येच्यानंतर मला सुदरंना काय करावं. म्हनून फोन न्हाई केला."

मी आत्यांकडं बघू शकले नाही.

"वहिनी, दार हाय का उघडं अजून?" सायली घाईनं म्हणाली. "मी येते. परवाच येते. पोरीला घिऊन येते. आबा झोपल्यावर येऊ, चहाच्या आत निघू. मागल्या दारानं येऊ, कुनाला दिसायचं न्हाई. तिला गाडीतच सांगते, आवाज करायचा न्हाई म्हनून. लई गुनाची हाय, न्हाई करायची आवाज. विचारा ना आईला. नुसती मान हालवायला सांगा, तुमी मला सांगा."

आत्यांनी दाराकडं बघितलं. आमचं मागचं दार म्हणजे जनावरांचं दार. वाकून यावं लागतं, पुढंच उकिरडा आहे. इतकी वर्षं ते दार त्यांना लेकीसाठी पुरेसं वाटलं होतं. ती लहान पोर तोंडावर बोट ठेवून तिथून आत येताना त्यांना दिसली असणार. त्यांचा चेहरा कसा बदलत गेला ते मी बघितलंय, आणि मला ते सांगता येणार नाही.

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"सायले," त्या म्हणाल्या.

मोडली शपथ. पलीकडून "आई" असा नुसता श्वास आल्यासारखा आवाज आला.

"येऊ नगंस. ऐक माजं. पोरीला सांगितलंस ना मी वारले म्हनून? बरं केलंस. तसंच ऱ्हाऊ दी. मेल्याल्या आजीचा लेकराला राग येत न्हाई. आजी जिती हाय आन् चोरून भेटती, आजोबा उठायच्या आत हाकलून देती, असं कळलं की लेकरू विचारतंय, मी काय केलं? त्येला काय सांगशील? तिला नगं ह्ये. तिला फोटोच ऱ्हाऊ दी."

"आन् मी गं?" सायली म्हणाली. ती ओरडली नाही. "मी बी त्येच विचारते की, आई. मी काय केलं?"

आत्यांनी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या उठल्या. मला वाटलं रडायला आत गेल्या. पण त्या पुढच्या खोलीत गेल्या होत्या. परसातून मला त्या दिसत होत्या. मामांच्या बाजेशी उभ्या राहून, वाकून, त्यांची छाती वरखाली होतेय का ते बघत होत्या.

मोबाइल अजून चालूच होता. मी कानाला लावला. काहीतरी म्हणायचं होतं मला, मी वहिनी होते, मोठी होते नात्यानं. पलीकडं सायली हुंदके गिळत होती. मग जवळच एक लहान आवाज आला, पुण्यातल्या पोरांसारखा स्वच्छ.

"मम्मी, कोण आहे? देवाघरची आजी आहे का?"

सायलीनं नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

"नाही गं, राणी," ती म्हणाली. "देवाघरून फोन येत नसतो."